भात निवला गो

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. भिवंडीत राहत असाल तर तुमचा नाइलाजच होता. दुपारी जेवून तुम्ही जरा कुठे आडवे झालात आणि खालून एक रिक्षा "सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! फक्त तीन दिवस!" असं ओरडत गेली, तर तो मी. म्हणजे रिक्षात मी नसतो, पेन ड्राइव्ह असतो. पण त्या क्षणी तुम्ही ज्याला शिव्या घातल्यात तो मी.

धामणकर नाक्याजवळ एका मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. बाहेर 'रेकॉर्डिंग स्टुडिओ' अशी पाटी आहे. आत भिंतींना आईने शिवलेल्या गोधड्या ठोकल्या आहेत, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. तरी येतो. भिवंडीत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगचा भोंगा, ट्रकचा हॉर्न आणि मागच्या गल्लीतले यंत्रमाग, म्हणजे लूम, यांना गोधडी आवरत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे 'थंडगार एसी फक्त सोप्या हप्त्यांवर' हे वाक्य मी आजवर घामाने निथळतच म्हटलेलं आहे.

सत्तावीस वर्षं हा धंदा करतोय. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "तुमच्या कलेविषयी लिहा." कला हा शब्द ऐकून मी दोन दिवस घरात जरा सावकाश चालत होतो. बायको म्हणाली, "पाठ धरलीय का?"

तर आधी कलेची माहिती देतो. रिक्षा माणसाच्या चालीने जाते. एका दारासमोरून जाताना त्या दाराच्या वाट्याला सहा-सात शब्द येतात, पुढचे शब्द पुढच्या दाराला. आता आपली मराठी अशी की क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका वसाहतीने टाकी धुवायची म्हणून सूचना फिरवायला सांगितली. मी छान घोळवून म्हटलं, "सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की उद्या दिवसभर आपल्या वसाहतीत पाणी येणार..." आणि 'नाही' पुढच्या इमारतीला ऐकू गेलं. अर्ध्या वसाहतीने दिवसभर पाणी येणार म्हणून धुण्याचे ढीग काढून ठेवले, उरलेल्या अर्ध्या वसाहतीला नुसतंच 'नाही' मिळालं. तेव्हापासून मी नकार आधी लावतो. "पाणी नाही! उद्या पाणी नाही!" व्याकरणवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं, बादल्या भरल्या पाहिजेत.

असं सगळं शिकलो. एक गोष्ट मात्र शिकायला गेल्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं, आणि तीही मला ज्यांनी शिकवली त्यांना आपण काही शिकवलं याचा पत्ताही नाही.

त्याआधी माझ्या 'ण'विषयी सांगायला हवं.

मी वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. आमच्याकडे पाणी नसतं, 'पानी' असतं. डोळा नसतो, 'डोला' असतो. आहे-नाहीची भानगड 'हाय' आणि 'न्हाय' यांत मिटते. विसाव्या वर्षी मी रेडिओवर निवेदकाच्या चाचणीला गेलो. आवाज माझा तेव्हाही चांगलाच होता. समोर बसलेल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे. 'ण' कुठे ठेवून आलात?"

त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. रोज सकाळी दात घासताना बाण, प्राण, पाषाण. आंघोळ करताना कमळ, काजळ, कळवळा. दोन वर्षांत जीभ अशी वळली की विचारू नका. 'हाय' गेलं, 'न्हाय' गेलं. चाचणी काही पुन्हा दिली नाही, कारण तोवर हा धंदा लागला होता. पण 'ण' राहिला. भाड्याचं घर सुटावं आणि किल्ली हातात राहावी तसा.

हा 'ण' मी सगळीकडे वापरू लागलो. भाजीवाल्याशीही मी निवेदन करायचो. बायको मंगल गणेशपुरीकडची, ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "पानी ठेवलंय." मी म्हटलं, "पाणी." तिला वाटलं मी मागतोय. तिने दुसरा तांब्या आणून ठेवला. गेली सव्वीस वर्षं ती 'पानी' ठेवते आणि मी 'पाणी' म्हणून ते पितो. मध्यंतरी ती वैतागून म्हणाली, "पानी म्हटलं की तहान भागत न्हाय का तुमची?" मी म्हटलं, "प्रश्न तहानेचा नाही." तिने विचारलं, "मग?" मी तांब्या उचलून उरलेलं 'पाणी' प्यायलो, फार सुंदर उच्चारात.

आईचं सांगतो आणि पुढे जातो. ती गावीच राहिली, धाकट्या भावाकडे. शेवटच्या वर्षांत तिला ऐकायला कमी यायचं. मी फोन केला आणि विचारलं, "कशी आहेस? औषधं वेळेवर घेतेस ना?" मग ती अगदी अदबीने म्हणाली, "सायेब, माजा पोरगा हाय भिवंडीला. त्याला इचारा." आणि फोन भावाकडे दिला. हा किस्सा मी चार लोकांत हसून सांगत असे. बघा, उच्चार इतके सुधारले की सख्खी आई साहेब म्हणाली! लोकही हसत. मंगल हसत नसे. ती उठून आत जायची.

आता मुलगी. तन्वी भाषेचं काहीतरी शिकली आणि सध्या एका कंपनीत यंत्रांना मराठी बोलायला शिकवते. थोडक्यात, माझा धंदा बसवण्याच्या कामावर तिला चांगला पगार आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "बाबा, तुम्ही आवाजातले. अ‍ॅक्सेंट आणि केडन्स, म्हणजे बोलण्याची चाल, यांत फरक काय करता तुम्ही? मराठीत दोन्हीला लोक हेलच म्हणतात."

आवाजातला म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. म्हटलं, "एकच गं. उच्चार शुद्ध असला की बाकीचं आपोआप येतं."

मंगल ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी 'पानी' म्हनते ती माजी ढब. ती तुजे बाबा लिवून दाखवतील, बानातल्या 'ण'च्या जागी साधा 'न'. आता माजं 'बरं' घे. ते जातो म्हनतात तवा मी 'बरं' म्हनते, माज्या भावाच्या घरी नको जायला म्हनतात तवाबी 'बरं' म्हनते. लिवून दाखवा म्हनावं दोन्ही."

तन्वी हातातला मोबाइल ठेवून आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, आमच्याकडे येतेस का नोकरीला?"

मी हे मनावर घेतलं नाही. खरं म्हणजे मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण एकदा याच्यावरून चांगला फटका बसला होता. एके दिवशी सकाळी साड्यांच्या सेलचं रेकॉर्डिंग केलं आणि लगोलग एक गृहस्थ रडवेल्या चेहऱ्याने आले. वडील गेले होते, अंत्ययात्रेची वेळ फिरवायची होती. मी मजकूर नीट लिहून घेतला. एक अक्षर चुकलं नाही. 'दुःखद' मधला विसर्ग तर असा उच्चारला की संस्कृतच्या मास्तरांनी पाठ थोपटावी. पण जिभेवर सकाळचा सेल होता. "दुःखद निधन! दुःखद निधन! अंत्ययात्रा आज दुपारी ठीक चार वाजता, राहत्या घरापासून!" म्हणतात की दोन बायका पिशवी घेऊन खाली उतरल्या होत्या. ते गृहस्थ तेराव्यानंतर माझ्याकडे आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शब्द बरोबर होते हो तुमचे." मी ते कौतुक समजलो. माझी समज किती जाड होती ते यावरून ओळखा.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे बारा-साडेबारा. मी पंखा लावून डबा उघडत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक बाई दारात उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, हातात औषधाची पिशवी, घामाघूम. नाव यमुना. गणेशपुरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला वरचा पाडा म्हणून आहे, तिथली. तिच्या मागे इस्माईल, माझा रिक्षावाला.

"मास्टर, इनकी अम्मा गुम गई है," इस्माईल म्हणाला. "चौकी पे लिखवा दिया है. वहीं से भेजा, बोले भोंगेवाले को पकड़ो."

यमुनाच्या आईचं नाव बारकी. सत्तरीची. चार दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आज तपासायला आणलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी. उजव्या डोळ्याने उजेड-अंधार समजतो, एवढंच. नाक्यावर यमुनाने तिला एका खांबाशी उभं केलं, "हितंच ऱ्हा" म्हणाली आणि थेंबांची बाटली घ्यायला औषधाच्या दुकानात गेली. परत आली तर खांब होता.

"तिला हिंदी येत न्हाय," यमुना सांगत होती. "गाडी समजत न्हाय तिला. आवाज आला का भलतीकडं सरते. दर दोन तासाला थेंब घालायचं हायत. डाक्तर बोललं, धूळ गेली तर डोला जाईल."

धामणकर नाक्यावर धूळ जायला नको म्हणणं म्हणजे काय, ते भिवंडीकरांना सांगायला नको. आणि ट्रक. यार्नचे, म्हणजे सुताचे ट्रक, टेम्पो, मधूनच शेअर रिक्षांची रांग. डोळस माणूस तिथे जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो.

मी डबा बंद केला. असल्या कामाचे मी कधी पैसे घेत नाही, आणि खरं सांगायचं तर असल्या कामात मी जरा रंगात येतो. गोधड्यांमध्ये बसून खालच्या पट्टीत, भारदस्त आवाजात रेकॉर्ड केलं. "नम्र निवेदन! श्रीमती बारकीबाई, वय अंदाजे सत्तर वर्षे, डाव्या नेत्रावर हिरवी पट्टी, गुडघ्यापर्यंत लुगडे परिधान केलेले, या आज दुपारपासून आढळून येत नाहीत..." वगैरे. लावून दाखवलं. यमुनाने लक्ष देऊन शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्ये आयेचंच हाय न्हव?"

मी म्हटलं, "हो तर!"

निघालो. पुढे इस्माईल, मागे मी आणि यमुना, टपावर भोंगा. नाक्याभोवती एक फेरी, मग लूमच्या गल्ल्या. दोन फेऱ्यांत लोकांनी तीन म्हाताऱ्या आणून दिल्या. भिवंडीची माणसं मदतीला मागे हटत नाहीत, फक्त ऐकून घेत नाहीत. एकीच्या डोळ्याला पट्टी नव्हती, चष्मा होता. दुसरी तेलुगू बोलत होती. तिसरी भाजी मंडईपाशी पिशवी धरून उभी होती, तिला दोघा पोऱ्यांनी हाताला धरून आणलं. ती माझ्यावरच उखडली. "मी हरवलेली न्हाय रे मेल्या! सून हरवलीय माजी. मेथी आनते म्हनून गेली, तास झाला. तिचं नाव घाल भोंग्यात!"

दोन वाजले. थेंबांची एक वेळ चुकली. यमुनाने बाटली मुठीत घट्ट धरली होती, जणू ती बाटली गार राहिली तर आई सुखरूप राहील. दर वळणावर ती रिक्षातून वाकून ट्रकच्या चाकांखाली बघत होती. मी ते बघितलं आणि दुसरीकडे बघू लागलो.

इस्माईलने रिक्षा बाजूला घेतली. तो आधी पंधरा वर्षं लूमवर होता, डावा कान जवळजवळ गेलेला. लूमच्या शेडमध्ये माणसं ओठांवरून बोलतात आणि हातांनी उत्तर देतात.

"मास्टर," तो म्हणाला, "इन गलियों में लफ्ज नहीं जाता. खटाखट में कट जाता है. खाली सुर जाता है. आपका सुर मालूम है लोगों को. दूर से सुना तो बोलते हैं, सेल लगा है."

मला राग आला. पण त्याहून जास्त घाई होती. मी विचार केला, म्हातारीला माझी भाषा समजत नसेल. मग तिची बोलतो! मी काय जन्मतः साहेब होतो? माइक लाइव्ह केला, तीस वर्षांपूर्वी पुरलेले शब्द उकरले आणि सुरू झालो. "बारकी आये! आये, कुठं हायस तू? तुजी पोर हितं हाय! न्हाय घाबरायचं! आये, लवकर ये! लवकर ये!"

शब्द सगळे जागच्या जागी. 'ण' एकही नाही. मला अभिमान वाटला. शेजारी बघतो तर यमुना, जिचे डोळे रडून लाल झाले होते, ती पदर तोंडाशी धरून हसत होती.

"काय झालं?"

"न्हाय दादा, काय न्हाय."

"सांग ना."

"तुमी जत्रंतल्या सोंगावानी बोलताय."

इस्माईल आरशातून म्हणाला, "वही सेल है मास्टर. खाली साड़ी गाँव की है."

मी माइक खाली ठेवला. इस्माईलने मागे हात करून माइक उचलला आणि यमुनाच्या हातात दिला. "बोलो बाई, तुम बोलो."

तिने तो दोन्ही हातांनी धरला. "नम्र... नम्र निवेदन," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखं. माइक हातात आला की माणूस आपला आवाज सोडून देतो आणि माझा काढतो. या गावात तो रोग मीच पसरवला आहे.

"अरे वैसे नहीं," इस्माईल म्हणाला. "घर पे अम्मा को कैसे बुलाती हो?"

"घरी कशाला हाक मारीन? घर केवढंसं."

"तो खेत में?"

"शेतावं... आये बांधावर आसते. मी भात घेऊन जात्ये. मंग हाक मारत्ये."

"बस. वही मारो."

यमुनाने नाक्याकडे बघितलं. वडापावची गाडी, रिक्षांची रांग, सळया भरलेला ट्रॅक्टर, दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं. "हितं?" ती म्हणाली. "येवढ्या मान्सांत?"

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, रस्त्याकडे पाठ केली, रिक्षाच्या सीटकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

"आयेऽऽऽऽ! भात निवला गोऽऽऽ!"

भोंग्याने आधी शिट्टी मारली. मग ते निघालं. पहिला 'आ' खालून, जमिनीलगत. 'ये' चढत गेला आणि वर जाऊन तिथेच राहिला, घार राहते तसा. 'भात निवला' एकदम खाली, थोडं रागावून. आणि तो 'गो' पुन्हा उचललेला, लांबवलेला आणि मध्येच सोडून दिलेला. त्याच्यापुढे तिने जागा ठेवली होती. कुणीतरी उत्तर देईल एवढी जागा. माझ्या हजारो जाहिरातींत मी श्वास घ्यायला थांबलो असेन, उत्तरासाठी कधी थांबलेलो नाही. दुकानदार पैसे तसे देतच नाहीत.

वडापाववाल्याचा झारा थांबला. पायरीवरचा एक पोट धरून हसला. "चलो, खाना लग गया!" यमुना मेल्याहून मेल्यासारखी झाली होती, तरी तिने पुन्हा हाक मारली. इस्माईल रिक्षा हळूहळू लूमच्या गल्लीत घालत होता. दोन्ही बाजूंनी खटाखट. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. "आयेऽऽऽऽ! भात निवला गोऽऽऽ!" शब्द मला शेजारी बसूनही अर्धेच लागत होते. पण ते चढणं-उतरणं त्या खटाखटीच्या वरून चाललेलं स्वच्छ समजत होतं.

तिसऱ्या गल्लीत, डाव्या हाताच्या बोळातून, चिडलेला, चिरका आवाज आला.

"आले गोऽऽऽ, आले! वरडतेस कशाला?"

यमुना चालत्या रिक्षातून उतरली. इस्माईलने कचकन ब्रेक मारला आणि मी त्याच्या पाठीवर आदळलो, म्हणून पुढचे दोन क्षण मला दिसले नाहीत. दिसलं तेव्हा म्हातारी एका शेडच्या ओट्यावर बसली होती. कामगारांनी तिला पाण्याचा ग्लास दिला होता, कुणीतरी डोक्यावर ओला गमछा टाकला होता. पट्टी जागेवर होती. यमुना तिच्या पायाशी बसून एकाच वेळी रडत होती आणि तिला रागे भरत होती. म्हातारी तिच्याकडे लक्ष न देता तिची पिशवी चाचपत होती.

"भात कुठं हाय?" तिने विचारलं.

भात नव्हताच. इस्माईल पळत जाऊन कुठूनतरी वरण-भाताची पुडी घेऊन आला. यमुनाने आईचं डोकं मागे करून, पट्टी उचलून आधी थेंब घातले. म्हातारी जेवता जेवता सांगू लागली, आणि मी ओट्याच्या टोकाला उभा राहून ऐकत होतो.

ती खांबाशी उभी होती. ऊन लागलं म्हणून सावलीला सरली. तिथेच थांबली असती. "पन त्यो सरकारी मानूस आला ना गाडी घेऊन. भोंग्यात माजं नाव घेत व्हता. बारकीबाय, बारकीबाय. म्हटलं, ह्येनला माजं नाव कसं म्हाईत? डोल्याचं आपरेशन फुकाट केलंय, आता दिलेला डोला परत न्यायला आलं! मी मागं सरले. त्यो मागं आला. मी बोळात शिरले, तर त्यो बोळाच्या तोंडाशी! मंग त्यानं आपल्यावानी बोलायला घेतलं. तवा तर मी पारच घाबरले. म्हटलं, आता फशीवतोय मेला."

इस्माईल माझ्याकडे बघत नव्हता. त्याने रिक्षाचा आरसा पुसायला घेतला होता.

म्हणजे नीट समजून घ्या. हरवलेल्या बाईला शोधायला मी दीड तास फिरलो नव्हतो. मी ती बाई दीड तास हरवत होतो. एकेका शुद्ध वाक्यानिशी एकेक गल्ली आत.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी पुढे झालो, वाकलो आणि जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "आजी, बऱ्या आहात ना आता?"

म्हातारीचा घास हातात राहिला. ती आवाजाच्या दिशेने वळली, पदर सावरला, जरा सरकून यमुनाच्या आडोशाला झाली आणि अगदी अदबीने म्हणाली,

"सायेब, माजी पोर हाय. तिला इचारा."

मी "बरं" म्हटलं. कोणत्या हेलात म्हटलं, आठवत नाही.

त्यांना संध्याकाळच्या गाडीला बसवून घरी आलो. तन्वी घरी होती. सगळं सांगितलं. म्हातारीचं शेवटचं वाक्य सोडून. ती उडालीच. "बाबा, ती हाक रेकॉर्ड केलीत ना?"

नव्हती केली. सत्तावीस वर्षं साड्या, एसी, टाक्या, भूखंड, सगळं जपून ठेवलंय, कपाटभर. त्या दिवशी माइक लाइव्ह होता. बटण माझ्या गुडघ्याशी होतं.

"थांबा," तन्वी म्हणाली, आणि तिच्या कंपनीच्या यंत्रात टाइप केलं. यंत्र बोललं, "आये. भात निवला गो." निर्दोष. चाचणीच्या बाईंनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. आतून मंगल ओरडली, "कोन हाय दारात? काय नको म्हनावं!"

तन्वी हसायला लागली. मीही हसलो, मग हसायचा थांबलो. मला आईची हाक आठवायची होती. बांधावरून तीही मारायची, मी शाळेतून उशीर केला की. शब्द आठवत होते, ते कुठे जातात? चाल येत नव्हती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मंगल बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं. तांब्या समोर ठेवला. "पानी ठेवलंय."

मी तांब्या उचलला आणि गटागटा प्यायलो. तांब्या खाली ठेवला. काही बोललो नाही.

ती आत निघाली होती, ती दारात थांबली. अजून थोडी थांबली. सव्वीस वर्षांचा एक शब्द यायचा राहिला होता, त्याची ती वाट बघत होती. तो आला नाही तशी ती परत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बरं न्हाय का वो?"

हे मी तुम्हाला लिहून दाखवलं खरं. 'नाही'च्या जागी 'न्हाय', 'हो'च्या जागी 'वो'. एवढंच मला जमतं. ती ते म्हणाली कसं, ते ऐकायला तुम्हाला घरीच यावं लागेल. जेवायच्या वेळेला या. आवाज येईलच.